मी मालीशवाली नाही

ती. आईस,

मी मजेत आहे. मुलुंडची खोली हवेशीर आहे. डबा चांगला येतो, फक्त आमटी गोड असते. क्लिनिकमध्ये सगळे मला डॉक्टर म्हणतात.

फोनवर हे बोलवलं नसतं, म्हणून लिहितेय. तूच वाच, बाबांना दाखवू नकोस.

कर्णिक काकू म्हणून एक पेशंट आहेत. त्यांचा खांदा आखडलाय. मंगळवारी मी खांदा मोकळा करत होते, तर डोळे मिटून म्हणाल्या, "काय हात आहे गं तुझा! माझ्या बाळंतपणात मालीशवाली यायची, अगदी तिच्यासारखा."

माझं डोकंच फिरलं. "काकू, मी मालीशवाली नाहीये. साडेचार वर्षं फिजिओथेरपी शिकलेय," असं सगळ्यांसमोर ताडकन बोलले. त्या बिचाऱ्या सॉरी म्हणाल्या.

आई, चिपळुणात घरोघरी बाळ-बाळंतिणींना मालीश करून तू मला शिकवलंस. दुखरी जागा बोटांनी कशी शोधायची, हे मला कॉलेजच्या आधी तुझ्याबरोबर फिरून कळलं होतं.

तुझा अंगठा अजून सुजतो का? कोमट पाण्यात बुडवून ठेवत जा, आणि दिवसाला दोनच घरं घे. बाबा गोळ्या घेतात ना?

काल काकू परत आल्या. आता मला "अहो डॉक्टर" म्हणतात. जाताना त्यांनी हळूच विचारलं, "आई काय करते तुमची?"

"घरीच असते," मी म्हणाले.

वर नमस्कार लिहिला नाही. लाज वाटली.

तुझी,
अक्षू