गोंदियाहून आलेलं तेल

भिलाई, कॅम्प
६ डिसेंबर १९५९

प्रिय शालू,

तुझ्या भाचीचं, गीताचं आधी सांगते, कारण मागच्या पत्रात ती आजारी आहे एवढंच कळवलं होतं आणि तुझा जीव टांगणीला लागला असणार. पायांची सूज उतरली आहे. परवा तिनं स्वतः चपला घातल्या आणि कारखान्याचा भोंगा होईपर्यंत अंगणात खेळली. झोपताना धाप लागायची, तीही थांबली. डॉक्टर म्हणतात दूध, डाळ, अंडी द्या, पोरगी पूर्ण बरी होईल. अंडी मी माझ्याच चुलीवर उकडते. आई असती तर तिनं मला स्वयंपाकघराबाहेर काढलं असतं.

तू आली होतीस तेव्हा इथे नुसता मुरूम आणि तंबू होते. आता भट्टी पेटली आहे, संध्याकाळी आभाळ तांबडं होतं. हे गेल्यावर मी दुर्गचं रेल्वेचं क्वार्टर सोडून इथे खानावळ काढली, तेव्हा तू सोडून सगळ्यांनी मला वेड्यात काढलं होतं. पंगतीला नागपूरकडचे फिटर, बंगाली, बिहारी. बंगाली-बिहाऱ्यांना सरसोंच्या तेलाशिवाय घास उतरत नाही, मग हळूहळू सगळ्यांनाच त्याची चव लागली. तुझ्या यजमानांनी, भाऊरावांनी, स्वतःच्या तेलाच्या गिरणीतले पिपे पाठवायला घेतले, तेव्हा मला केवढा आधार वाटला! गोंदियाच्या पॅसेंजरनं पिपे यायचे आणि त्यांच्यासोबत तुझ्या हातचं लोणचं.

दसऱ्यानंतर शेषरावांचे पाय सुजले. ते कामठीचे, क्रेन चालवायचे. भाजीत मीठ कमी पडलं तरी कधी बोलायचे नाहीत. उभं राहून सुजले असतील, असं तेच म्हणाले. मग पंगतीतल्या आणखी काहींचे सुजले, मग गीताचे. एका सकाळी शेषराव क्रेनची शिडी चढता चढता मधेच बसले. दवाखान्यात नेलं, तिथेच गेले. हृदय थकलं होतं म्हणे. त्यांची बायको ठकूबाई कामठीहून आली. दिवसभराची उपाशी होती, म्हणून मी तिच्यापुढे ताट ठेवलं. ती भाजीही त्याच तेलातली होती, शालू. तेव्हा मला काहीच ठाऊक नव्हतं.

दवाखान्यातले डॉक्टर बंगालचे. त्यांनी गीताचा पाय बोटानं दाबला, खड्डा तसाच राहिला, आणि पहिला प्रश्न विचारला तो घरात तेल कोणतं हा. असा आजार त्यांनी कलकत्त्याला पाहिला होता. मी बाटलीत तेल नेलं. त्यांनी काचेच्या नळीत त्यात तेजाब ओतलं, तळाशी नारिंगी-तांबडा रंग उतरला. सरसोंमध्ये पिवळ्या धोत्र्याचं बी होतं. लहानपणी रुळांच्या कडेला काटेरी पानांचा, पिवळ्या फुलांचा धोत्रा पाहायचो ना आपण, तोच. त्याचं बी काळं, बारीक, सरसोंत टाकलं तर ओळखू येत नाही. त्याच दिवशी मी कढया रिकाम्या केल्या, पंगतीसमोर उभी राहून सगळं सांगितलं आणि अन्न तपासणाऱ्या साहेबांना बोलावून पिपे दाखवले. त्यांनी नमुना सील करून नेला. माणसं उठून जातील असं वाटलं होतं. गुलाबराव फिटर एवढंच म्हणाले, "बाई, उद्यापासून जवसाच्या तेलात करा," आणि ताट पुढे केलं. मग बाकीचेही बसून राहिले.

चार दिवसांनी भाऊराव आले. तुला रायपूरला जातो असं सांगून निघाले असतील. म्हणाले, बी शेतातूनच मिसळून येतं, चाळायला सवड कोणाला आहे, आणि एवढ्याशानं काय होतं. मग आवाज खाली आणला.

"ताई, पिपे दुर्गच्या बाजारातून घेतले म्हणा. कोनाले समजते? नाई तं शालूचा संसार मोडून जाईन."

मी म्हटलं, "ठकूबाईचा मोडला तवा तुमाले संसार नाई आठवला काय? पिपे तुमचे हायेत, मी तेच सांगीन."

गीता आतल्या खोलीत झोपली होती. तिला न बघताच ते गेले.

चौदा तारखेला, सोमवारी, दुर्गच्या कोर्टात भाऊरावांविरुद्ध माझी साक्ष आहे. तुला हे दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळू नये. मी परवानगी मागत नाही. पिपे कुठून आले, मी काय शिजवलं, कोण आजारी पडलं, कोण गेलं, ते सगळं सांगेन. एक गोष्ट मात्र मी सांगणार नाही. आखाडात मी गोंदियाला आले होते, तेव्हा तुझ्या घरी भाजीला फल्लीचं, शेंगदाण्याचं तेल पाहून मी विचारलं, घरची गिरणी असून हे कशाला? तू सहज म्हणालीस, गिरणीचं तेल घरात आणायचं नाही, असं ह्यांनी बजावलंय. तेव्हा आपण दोघीही त्यावर थांबलो नाही. आज त्याचा अर्थ तुला माझ्याइतकाच समजेल. पण ती गोष्ट तुझ्या घरातली आहे, ती सांगायची की नाही हे तूच ठरव. सांगायची असेल तर रविवारच्या पॅसेंजरनं लेकरांना घेऊन निघ, मी दुर्ग स्टेशनवर उभी असेन. नाही आलीस तरी मी सोमवारी कोर्टात जाईन आणि तुझ्यावर रागावणार नाही. पण मी तुला अंगाखांद्यावर वाढवलंय शालू, मला ठाऊक आहे तू येशील. मागची खोली मी रिकामी करून सारवली आहे.

तुझीच,
दुर्गाताई