खुशाल ल्यूनॅटिक असल्याचे पुरावे

आदिलाबाद, ३ मे १९८६
खुशाल यंदाही विहार समितीचा अध्यक्ष होणार म्हणे. तहसीलातला साधा क्लार्क. मी इंग्रजीचा मास्तर, बी.एड., आणि समितीत माझं काम काय, तर सतरंज्या घालणे. बस झालं. बुद्धपौर्णिमेला निवड आहे. यंदा अध्यक्ष मी.

५ मे
खुशालला शोभेल असा शब्द डिक्शनरीत शोधला. सापडला. ल्यूनॅटिक. लॅटिनमध्ये लूना म्हणजे चंद्र. पुनवेच्या चंद्रानं डोकं फिरतं, असं जुने युरोपातले लोक मानत. त्यावरून शब्द झाला. वेड्याला अध्यक्ष कोण ठेवते? आता फक्त पुरावे पाहिजेत.

८ मे
खुशाल सायकलवर एकटाच बोलतो. मी बोललो की हसतो. बायकोला सांगितलं. ती म्हणे, तुमी बोलले की शेजारची देवकाबाईबी हासते, तिलेबी वेडी म्हनता का. बायकांना शास्त्र कळत नाही.

१४ मे
पक्का पुरावा. दर पुनवेला पांढरे कपडे घालून खुशाल विहारात सगळ्यांच्या आधी हजर. हातात मेणबत्ती. अमावास्येला फिरकत नाही. मी स्वतः पाहिलं, मागच्याच ओळीत बसलो होतो.

१८ मे
भाषण तयार. बायको म्हणे, सणाच्या दिवशी काऊन भांडता. आजपासून राग बंद.
संध्याकाळी तिच्यावर ओरडलो. उद्यापासून बंद.

२३ मे, बुद्धपौर्णिमा
बोललो. चंद्र वर आला होता, मुद्दाम बोट दाखवलं. म्हणालो, पुनव आली की पांढरे कपडे घालून जो घराबाहेर पडतो अन् मेणबत्ती पेटवतो, त्याला इंग्रजीत ल्यूनॅटिक म्हणतात, म्हणजे वेडा. समोर सगळी वस्ती. सगळे पांढऱ्यात. सगळ्यांच्या हातात मेणबत्त्या. म्हातारे बाबाराव तेवढे बोलले. मास्तर, तुमच्या अंगावर कोन्ता कपडा हाय, म्हणे. अडाणी माणूस.
अध्यक्ष खुशाल, एकमतानं. हात वर करणाऱ्यांत आमची बायको पहिली.

२४ मे
सकाळपासून लोक येऊन राह्यले. भांडायला येतील म्हणून बाह्या सारून बसलो होतो. कोणी भांडलं नाही. मोसंब्या आणल्या. लहान पोराशी बोलावं तसं हळूहळू बोलले, झोप लागते का म्हणून विचारलं. खुशालही आला. बराच वेळ माझा हात धरून बसला. याला हाकल म्हणालो तर बायकोनं चहा टाकला. जाताना दारात त्याला सांगत होती, भाऊ, मनावर घेऊ नोका, याइचं पुनवेलेच असं होते, अमावस्येपर्यंत बरे व्हतील.