द्विपदी म्हणजे दोन नावांची

मंगळवार, मुलुंड

जीव थाऱ्यावर नाही. दुपारी शिकवणीत द्विपदी शिकवत होते, अधिक-उण्याने जोडलेली दोन पदं. आतून माझी लेक केतकी म्हणाली, "आई, आमच्या जीवशास्त्रातपण हाच शब्द आहे, बायनॉमियल. बांगडा माशाचंही शास्त्रीय नाव दोन शब्दांचं. लॅटिनमध्ये मूळ अर्थच मुळी दोन नावं असलेला."

म्हणजे मीच की! माहेरची शालिनी, लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिलेली माधवी. पण द्विपदीत दुसरं पद आलं म्हणून कुणी पहिलं खोडत नाही. माझं का खोडलं? आणि मी बोलले का नाही?

आता केतकीच्या होणाऱ्या सासूबाई मालाडहून विचारतायत, तांदळात कोणतं नाव लिहायचं? केतकी ठाम आहे, बदलणार नाही. आणि मी काल त्यांना "बघू" म्हणाले. बघू काय, बघू?

संध्याकाळी फोन लावलाच. "विहीणबाई, केतकी केतकीच राहील."

तिकडे टीव्हीचा आवाज बंद झाला. वाटलं, लागली वाट. मग म्हणाल्या, "माझं माहेरचं नाव सुमन हो. आता त्या नावाने कुणी हाक मारली, तर ती मलाच आहे हे कळणार नाही, मी वळूनसुद्धा बघणार नाही. राहू दे तिचं."