पन्नास हजार चिपांची वार्षिक गरज

२ फेब्रुवारी, सकाळ
आजपासून रोजनिशी. नवीन यंत्र काढणाऱ्याने नोंदी ठेवलेल्या बऱ्या, पुढे लोक विचारतात.

यंत्र असं: गच्चीवरची टाकी भरली की पंप आपोआप बंद. गेली अकरा वर्षं हे काम ही करते. पंप लावायचा, स्वयंपाकघराच्या दाराशी बसायचं, वर पाणी सांडल्याचा आवाज आला की बटण बंद. परवा हिच्या बहिणीचा फोन आला. बारा मार्चला गुडघ्याचं ऑपरेशन आहे, तीन आठवडे येशील का. पंपापायी ही अकरा वर्षांत दोन दिवसांच्या वर कुठे राहिलेली नाही. पंप मी बघेन म्हणालो. ही नुसती माझ्याकडे बघत राहिली. (मागच्या वेळी मी बघितला तेव्हा पाणी जिना उतरून रस्त्यावर गेलं होतं. पण तेव्हा मला फोन आला होता.)

दुकानात एक बॉल मिळतो, टाकीत सोडला की पंप बंद करतो, तो आणा, असं हिचं म्हणणं. म्हटलं, तीस वर्षं दुकानात जळलेल्या पंपांच्या मोटारी बांधतोय. नुसत्या आवाजावरून बेअरिंग गेलंय की वाइंडिंग ते सांगतो. आणि माझ्याच घरात आयता बॉल? शिंप्याने तयार शर्ट घालावा तसं ते.

शब्द दिला. दहा मार्चपर्यंत यंत्र तयार.

३ फेब्रुवारी
एक प्रोफेसर माझ्या दुकानात बिघडलेला मिक्सर घेऊन आले. त्यांच्याकडून कळलं की असल्या यंत्रात मायक्रोकंट्रोलर चिप लागते आणि चिपा बनवणाऱ्या कंपन्या नमुना म्हणून त्या फुकट पाठवतात. घरपोच. फक्त फॉर्म भरायचा. मी मिक्सर बाजूला ठेवला.

निश्चय: यंत्रावर एक पैसा खर्च करायचा नाही.

५ फेब्रुवारी
फॉर्म नामंजूर. फुकटातला ईमेल पत्ता चालत नाही, कंपनीचा हवा. फुकट वस्तू देणाऱ्यांनी फुकट पत्त्याला नाकं मुरडावीत, याला काय म्हणावं.

६ फेब्रुवारी
मेहुण्याकडे गेलो. त्याची लाँड्री आहे, तिला वेबसाइट आहे, म्हणजे पत्ताही आहे. तो खूप हसला. मग म्हणाला, दाजी, वापरा पत्ता, पण माझी इस्त्री नीट करून द्या. इस्त्री घेऊन आलो.

९ फेब्रुवारी, दुपार
फॉर्म भरला. नाव: मेहुण्याची लाँड्री. माझा हुद्दा: संशोधन विभाग प्रमुख. खोटं नाही, दुकानात दुसरा माणूसच नाही. उत्पादन: स्वयंचलित जलनियंत्रण. वार्षिक गरज किती, या रकान्यात आधी खरं ते लिहिलं: एक. फारच केविलवाणं दिसलं. पन्नास केलं. तरी किरकोळ. दोन शून्यं दिली, जीव भरेना, आणखी एक दिलं. पन्नास हजार. आता भारदस्त वाटलं. पाठवून टाकलं.

१८ फेब्रुवारी
आलं! लाँड्रीतून मेहुणा स्वतः घेऊन आला. बुटांच्या खोक्याएवढं खोकं. त्यात खोकं. त्यात चंदेरी पिशवी. त्यात फोम. फोममध्ये पाच चिपा.

ही म्हणाली, पिशवी तेवढी छान आहे.

चिप मसुराच्या दाण्याएवढी. आणि तिला पाय नाहीत. पोटाखाली नुसती टिंबं. माझ्या सोल्डरिंग गनचं टोक चिपेपेक्षा मोठं. फॉर्ममध्ये पुष्कळ प्रकार होते, त्यांतला मी पहिला निवडला होता, कारण तो पहिला होता.

एक चिप खाली पडून तांब्याच्या तारांच्या कचऱ्यात गेली. लोहचुंबक फिरवलं. तांबं चुंबकाला लागत नाही, चिपही लागत नाही. एक खिळा सापडला.

२० फेब्रुवारी
खचायचं नाही. कंपनीला कळवलं की आमच्या संशोधन विभागाने पाय असलेल्या आवृत्तीवर शिक्कामोर्तब केलं आहे, तातडीने पाठवावी. ही विचारत होती, विभागाने जेवायचं कधी.

२८ फेब्रुवारी
पायवाल्या तीन आल्या. आठ पाय, ठसठशीत, झुरळासारख्या. पाहून जीव सुखावला.

दुपारी प्रोफेसर मिक्सर मागायला आले. चिप दाखवली. ते प्रोग्रॅम लिहिण्याबद्दल, तो चिपेत घालण्याबद्दल बराच वेळ बोलले. वर्गाची सवय. मी मान हलवत राहिलो. एवढी मोठी कंपनी इतक्या खोक्यांतून रिकामी चिप कशाला पाठवेल? मी बांधलेली मोटार कोणी घरी नेऊन पुन्हा बांधतो का?

मिक्सर दोन दिवसांत देतो म्हणालो.

४ मार्च
यंत्र पूर्ण. चिप, रिले म्हणजे विजेवर चालणारं बटण, हिरवा दिवा, टाकीत सोडायच्या दोन तारा. पाणी तारांना टेकलं की चिपेला कळणार, चिप रिलेला सांगणार, रिले पंप तोडणार. सगळं हिच्या जुन्या जेवणाच्या डब्यात बसवलं. डबा विचारून घेतला नव्हता. गच्चीवर टाकीशेजारी ठोकला. दिवा लागला. काय देखणा दिसतो!

८ मार्च
चाचणी. पंप चालू केला. दिवा चालू. टाकी भरली. पंप चालू. पाणी सांडलं. दिवा चालू. पाणी जिन्यावर आलं. ही उठली, बटण बंद केलं आणि पोछा घेतला. काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

दोष तारांचा. चार बोटं खाली घेतल्या.

९ मार्च
पुन्हा चाचणी. पुन्हा पोछा. तारा जाड हव्यात.

संध्याकाळी ही आतल्या खोलीत बहिणीशी फोनवर बोलत होती, हळू. माझे कान असे की बंद मोटारीतली किडलेली तारही ऐकू येते. ही सांगत होती की नाही जमणार ताई, इकडे मी नसले तर घर वाहून जाईल. मग बराच वेळ ताईचंच ऐकत होती. मग म्हणाली, नाही गं, ते मनापासून करतायत.

जेवण गेलं नाही.

निश्चय: उद्या तारा बदलायच्या. यंत्र चाललंच पाहिजे.

१० मार्च
दिवसभर दुकानात अडकलो. दोन मोटारी आणि मेहुण्याची इस्त्री. संध्याकाळी घरी आलो तो जाड तारा पिशवीतच. ही म्हणाली, एकदा पंप लावून बघा. म्हटलं, तारा तर बदलू दे. म्हणाली, लावा तर.

लावला. जिन्यात उभा राहिलो. वीस मिनिटं झाली आणि वरून आवाज आला: टक्. पंप बंद! पुन्हा लावला. टक्. बंद!

चिप स्थिरावायला दोन दिवस लागत असणार. नव्या मोटारीलाही रुळायला वेळ लागतो. हिला हे समजावून सांगितलं. हो म्हणाली. हसत होती. तिलाही अभिमान वाटला असावा.

११ मार्च, सकाळ
ही गेली. दारात दोनदा मागे वळली, एकदा गॅससाठी आणि एकदा पंपासाठी. मी म्हटलं, जा निर्धास्त.

नंतर यंत्राला भेटायला गच्चीवर गेलो. सिमेंटवर चिखलाच्या पावलांचे ठसे आणि नळाला गुंडाळतात त्या पांढऱ्या पट्टीचा तुकडा. वर कोण येऊन जातं देव जाणे. टाकीचं झाकण उघडलं नाही. जड आहे, शिवाय चालत्या यंत्रात डोकावू नये हा माझा नियम.

१५ मार्च
चार दिवस. एक थेंब सांडलेला नाही. ऑपरेशन व्यवस्थित झालं. ही रोज फोनवर विचारते, पंप होतोय ना बंद. मी म्हणतो, होणारच.

एकच बारीक गोष्ट. ते टक् जरा ओलं वाटतं. रिलेचं टक् कोरडं असतं. डब्याच्या प्लास्टिकमुळे असेल.

मेहुण्याला सांगितलं की विक्रीला काढू या, लाँड्रीच्या नावाने. त्याला एकदम खोकला आला.

१७ मार्च
कंपनीचं पत्र! वार्षिक पन्नास हजारांच्या गरजेसंदर्भात त्यांचे अॅप्लिकेशन इंजिनिअर एकवीस तारखेला समक्ष भेटीला येत आहेत. संशोधन विभाग पाहण्याची इच्छा आहे.

एकवीसला दुकान बंद ठेवावं का? नको. लपायला मी काय चोर आहे? यंत्र चालतंय. आकड्यात तीन-चार शून्यं इकडची तिकडे झाली असतील.

२० मार्च
दुकान झाडलं. ‘संशोधन विभाग’ अशी पाटी रंगवली आणि मागच्या फळीवर लावली, पुढे लावायचा धीर झाला नाही. झाडताना हरवलेली चिप सापडली. प्रोफेसरांचा मिक्सरही सापडला.

२१ मार्च
जमेल तसं लिहितो.

इंजिनिअर म्हणजे एक मुलगी, तिशीच्या आतली, पाठीवर बॅग. पत्ता लाँड्रीचा, म्हणून आधी तिकडे गेली होती. मेहुणा तिला घेऊन आला. दर वाक्याला ती मला सर म्हणत होती. मीही मग थोडा सरासारखा बोललो. म्हटलं, कागद काय बघता, प्रत्यक्ष यंत्र बघा. मेहुणा म्हणाला, दाजी, त्यांना घाई असेल. तिला घाई नव्हती.

घरी पंप लावून तिघं गच्चीवर गेलो. टाकी भरली. टक्. पंप बंद. मी मेहुण्याकडे पाहिलं. मेहुणा आकाशाकडे.

तिने विचारलं, डबा उघडू का. उघडला. बॅगेतून एक यंत्र काढून चिपेला लावलं, संगणकावर बघितलं, पुन्हा बघितलं. मग फार हळू आवाजात म्हणाली, "सर, ही चिप कोरी आहे. कारखान्यातून निघाली तशीच. प्रोग्रॅमच घातलेला नाही." दिवा थेट विजेवर आहे, चिपेशी त्याचा संबंध नाही, हेही तिने सांगितलं. मी म्हटलं, मग पंप कोण बंद करतं?

मग मेहुण्यानेच टाकीचं झाकण सरकवलं. आत पाण्यावर नारिंगी बॉल तरंगत होता. वायर टाकीच्या मागून येऊन पंपाकडे जाणाऱ्या माझ्याच तारेला जोडलेली, वर पांढरी पट्टी, व्यवस्थित. मेहुण्याने सांगितलं, दहा तारखेला दुपारी ही प्लंबर घेऊन वर आली होती. शिडी मेहुण्याने धरली होती.

मुलगी झाकण लावायला मदत करत म्हणाली, "काका, सोल्डरिंग मात्र फार सुबक आहे तुमचं." म्हणजे सरचा काका झाला तो तिथे, टाकीपाशी. पन्नास हजारांचं तिने विचारलं नाही. मीच सांगितलं, एक. तिने वहीत काहीतरी खोडलं. जाताना म्हणाली, शिकायचं असेल तर मेल करा, मी सांगेन.

संध्याकाळी हिचा फोन. आवाजावरूनच कळलं की मेहुण्याचा फोन आधी झालाय. मी विचारलं, मला सांगितलं का नाहीस. म्हणाली, "अहो, मला ताईकडे जायचं होतं. आणि तुमचा डबाही काढायचा नव्हता."

मग विचारलं, जेवलात का. हो म्हटलं.

२२ मार्च
पाटी काढली. प्रोफेसरांचा मिक्सर दुरुस्त करून स्वतः घरी नेऊन दिला. प्रोग्रॅमबद्दल पुन्हा सांगाल का, असं विचारलं. त्यांनी सांगितलं. या वेळी ऐकलं. फार काही कळलं नाही.

ताई काठी घेऊन दारापर्यंत चालली म्हणे. ही फोनवर रडत सांगत होती.

२३ मार्च, सकाळ
पंप लावला. डब्यातला हिरवा दिवा लावूनच ठेवलाय, काढवत नाही. टाकी भरली.

टक्.

ओलं. टाकीतूनच. पहिल्या दिवसापासून तिथूनच येत होतं, आणि कानांनी मला तेव्हाच सांगितलं होतं.