भावकीच्या पंगतीत ‘सेट’

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण तुमच्या त्या ‘सेट’नं काही माझी पाठ सोडली नाही. आमच्या भरे गावच्या शाळेत, इंग्रजीच्या तासाला, फळ्यावर तेवढाच शब्द लिहून तुम्ही म्हणालात, सांगा अर्थ. आम्ही सुटलोच. कपबश्यांचा सेट, घड्याळ सेट करणं, सिमेंट सेट होणं, नोकरी लागलेलं पोरगं तेही सेट. फळा भरला तरी तुमचं आपलं ‘अजून?’ चालूच. मग तुम्ही सांगितलंत, की हे अर्थ म्हणजे दोन घराण्यांची माणसं, एका घरात राहायला आलीत. कपबश्यांचा सेट लॅटिनकडचा, मागोमाग चालणाऱ्यांचा जथा. दुसरा जुन्या इंग्रजीतला, त्याचा मूळ अर्थ बसवणं. आपल्या ‘सदन’चा लांबचा भाऊबंद. मी मनात म्हटलं, काहीतरीच बाईंचं! भाऊबंद म्हटले की बांधावरची भांडणं, शब्दांना कुठले आलेत?

पुढं लग्न होऊन माण गावात आले. शेतं आयटी पार्कात गेली, आम्ही खोल्या काढून भाड्यानं दिल्या. वरच्या खोलीत अमरावतीकडची एक पोरगी राहते, कंपनीत कामाला. मला लेकीसारखा लळा लावलाय तिनं. मागच्या आठवड्यात म्हणते, “काकू, खोली सोडावी म्हणते मी. इथं माझं कोणीच नाही न.”

परवा गावची जत्रा होती. आमच्यात जत्रेला पहिली पंगत भावकीची, भाडेकरूंना ताट वर पोचवायचं, ही रीत. पोरगी ताट न्यायला स्वतःच खाली आली आणि दारातच थबकली. पंगत बसलेली, सासूबाई वाढतायत, आणि मी पंगतीत सरकून माझ्या शेजारी तिला पाट मांडला. चुलत दीर घास हातात धरून बघतच राहिले. सासूबाई रीतीच्या पक्क्या, आता जत्रेतच जुंपणार म्हणून मी जीव मुठीत धरला. त्यांनी एकदा पाटाकडं बघितलं, एकदा पोरीकडं.

“आगं, उभी काय ऱ्हायलीस? बस की हितं. पोळी गार होतीया.”

पोरगी बसली. सासूबाईंनी तिच्या पोळीवर तुपाची धार धरली, ती पोरगी नको नको म्हणेपर्यंत. आज सकाळी ती खिळा आणि हातोडी मागायला आली, खिडकीला पडदा लावायचाय म्हणून. खोली सोडायचं नावच नाही. मला इतका आनंद झाला बाई, की खिळे शोधताना डोळ्यांना काही दिसेना.

हे धाडायचं नाही म्हणून मराठीत लिहिलं, नाहीतर तुम्ही इंग्रजीत लिहून आण म्हणाला असता. आणि खरं सांगू? त्या दिवशी वर्गात मला ते ‘बसवणं’ आणि ‘भाऊबंद’ यातलं काही कळलं नव्हतं. मान तेवढी डोलावली होती.