एक वाजताचे चुकार

१७ ऑगस्ट, रविवार

पुन्हा चारशे ब्याऐंशी! एअर पिस्तूलचे साठ शॉट, सहाशेपैकी. क्लबच्या संघात पाचशेच्या खाली कुणाला घेत नाहीत, आणि आमच्या पंचेचाळीसच्या पुढच्या गटात जागा एकच. निवड चौदा सप्टेंबरला. गेल्या वर्षी चारशे ऐंशी होते. त्याआधी चारशे एकोणऐंशी. या वेगानं पाचशे गाठेपर्यंत मी पासष्टीचा होईन.

मोतीरामभाऊंनी शेजारच्या लेनमधून निशाण्याचं कार्ड काढता काढता विचारलं, "क्या उस्ताद, आज किती?" सांगितलं नाही. त्यांचे चारशे नव्वद झालेत. एसटीत कंडक्टर होते. पैठणच्या गाडीत उभं राहून तिकिटं फाडली म्हणून पाय पक्के झाले, असं सगळ्यांना सांगत असतात.

१९ ऑगस्ट, मंगळवार

कामावर जायच्या आधी गच्चीवर चाळीस शॉट. पत्र्याखाली दहा मीटर बरोबर भरतात. टेप लावून तीनदा मोजलेत.

तो चुकार छर्रा आज पुन्हा आला. कार्ड म्हणजे घड्याळ धरलं, तर माझे बाकीचे छर्रे मध्याभोवती पसरतात — सात, आठ, नऊ, कधी दहा. आणि हा एक — वर उजवीकडं, एक वाजता, सहाच्या रिंगणात. आला की तिथंच येतो! तो येतो तेव्हा काय झालेलं असतं तेही माहितीय. हात हलका असतो, ट्रिगरवर बोट हळूहळू भरत असतं, आणि शॉट कधी सुटला ते कळतच नाही. म्हणजे बेसावधपणा. दुसरं काय?

ही खोड मोडायची. शॉट सुटतो त्या क्षणी मला माहीत असलंच पाहिजे. मी सोडणार, तेव्हाच सुटणार.

२३ ऑगस्ट, शनिवार

विश्वजीत आज माझ्या मागं येऊन उभा राहिला. क्लबचा कोच. वय सव्वीस.

"काका, मागची साईट किती सरकवलीय तुम्ही?"

म्हटलं, लागते तेवढी.

"एकदा मूळ जागेवर आणून बघा ना."

दोन वर्षांपूर्वीही हेच बोलला होता. तेव्हाच त्याला सांगितलं होतं की मला शिकवायचं नाही. आज परत सांगितलं. "बरं काका," म्हणाला आणि शिकायला येणाऱ्या पोरींच्या लेनकडं गेला.

मला कुणीच काही शिकवलेलं नाही. वाळूजला हेल्पर म्हणून लागलो, मशीनकडं बघून बघून शिकलो, आज टूलरूम माझ्याकडं आहे. पिस्तूलही तसंच. सुरुवातीला सगळे छर्रे डावीकडं खाली जायचे. दुसरा असता तर गुरू शोधत फिरला असता. मी मोजलं. टूल झिजलं की माप सरकतं. सरकलेलं मोजायचं आणि मशीनला तेवढा ऑफसेट द्यायचा — इतकं उजवीकडं जा, इतकं वर जा. झालं. मागच्या साईटचे, म्हणजे नेम धरायच्या खाचेचे, स्क्रू एकेक क्लिक फिरवले आणि छर्र्यांचा ग्रुप मध्यावर आणला. पुढं तो जसजसा सरकला तसतसा परत आणला. यात कुणी काय शिकवायचं?

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती बसले. आरतीत तबक माझ्याकडं होतं. निरांजनाची ज्योतसुद्धा हलली नाही. मग नेम धरला की काय होतं या हाताला!

३१ ऑगस्ट, रविवार

पाणी आलं होतं, त्यामुळं सकाळ टाक्या भरण्यात गेली. उन्हं चढल्यावर गच्चीवर गेलो. सत्यशीला कपडे वाळत घालत होती. मी शॉट मारत होतो तर मधेच म्हणाली, "आवाज व्हायच्या आधीच तुमचं तोंड वाकडं होतं."

"कसं?"

"इंजेक्शन घेताना होतं, तसं. सुई टोचायच्या आधीच."

आणि हसायला लागली. म्हटलं, तू कपडे वाळत घाल. तर म्हणे, "त्यालाच आलेय. तुमच्या तोंडाकडं बघायला लई हौस नाय मला."

बायको झाली म्हणून नेमबाजीतलं काहीही बोलायचं का?

५ सप्टेंबर, शुक्रवार

गुलमंडीतून नवा चष्मा आणला. खास नेमबाजीचा — पुढच्या साईटच्या अंतराला बसवलेला. त्या चष्मेवाल्याला वाटलं, मी थट्टा करतोय. "साहेब, वाचायचा द्यायचा का लांबचा, ते सांगा." म्हटलं, दोन्ही नाही, माझा हात लांब केल्यावर बोटाच्या पुढं जे दिसतं त्याचा द्या. तासभर घेतला, पण दिला.

आता साईटची कड कोरून काढल्यासारखी दिसते. ग्रुप मात्र तसाच. सात, आठ, नऊ.

एक गोष्ट चांगली झालीय. चुकार बंद! चार दिवस झाले, एकही नाही. दर शॉटला मनात म्हणतो — आता, आता, हाँ. मी म्हणतो तेव्हाच सुटतो.

९ सप्टेंबर, मंगळवार

चारशे पंच्याऐंशी. पंधरा कमी. चुकार नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

चारशे सत्त्याहत्तर.

साठपैकी एकही चुकार नाही. एकसुद्धा नाही! प्रत्येक शॉट मी सोडला तेव्हाच सुटला. पंचाला दोनदा मोजायला लावलं. दुसऱ्यांदाही तेवढेच.

मोतीरामभाऊंचे पाचशे तीन. जागा त्यांची. हात मिळवला. तर माझा हात सोडेनात. "अरे उस्ताद, हात गार पडलाय तुमचा. चला, कडक चहा मारू." त्यांच्या आवाजात जराही टोमणा नव्हता. तेच जास्त लागलं. चहा घेतला. कसा होता ते आठवत नाही.

येताना नगर नाक्याला सिग्नल हिरवा झाला तरी गाडी तशीच उभी. मागून कुणीतरी ओरडला, "ओ चाचा, सो गये क्या?"

१५ सप्टेंबर, सोमवार

कामावर गेलो. आलो.

१८ सप्टेंबर, गुरुवार

पिस्तूल विकायचं. ठरलं. सत्यशीलानं ऐकलं आणि ताट वाढलं.

पण विकताना खोट सांगावी लागणार. घेणाऱ्याला न सांगता माल गळ्यात मारणारा मी नाही. आणि खोट आहेच. इतकी मेहनत, इतका नीट चष्मा, निरांजनाची ज्योत न हलवणारा हात — मग खोट पिस्तुलातच असणार. सिद्ध करून दाखवायची म्हणून संध्याकाळी उजेड होता तोवर गच्चीवरच्या व्हाइसच्या लोखंडी पकडीत पिस्तूल धरलं. जबड्यांना लाकडाच्या पट्ट्या लावल्या, रबर घातलं. मग साईटमधून बघत कार्डच सरकवत नेलं, नेम अगदी मध्यावर येईपर्यंत. आता हाताचा संबंध नाही. फक्त बोट.

पाच शॉट मारले.

पाचही एकाच भोकात. करंगळी जाणार नाही एवढं भोक.

पिस्तुलात काडीची खोट नाही.

आणि भोक कुठं? वर उजवीकडं. एक वाजता. सहाच्या रिंगणात.

२० सप्टेंबर, शनिवार

दोन दिवस डोक्यात दुसरं काही नाही. आता लिहूनच काढतो.

पिस्तूल साईट सांगते तिथंच मारतं. आणि साईट मी नेऊन ठेवलीय एक वाजता. म्हणजे नेम मध्यावर धरून हात न हलवता शॉट सोडला, तर तो एक वाजताच लागणार. लागायलाच पाहिजे. मध्यावर जे लागत होते ते माझ्या झटक्यानं खाली डावीकडं ओढलेले. माझाच झटका, वर माझाच ऑफसेट. दोन चुका एकमेकींना टेकून उभ्या, आणि मी त्याला नेम म्हणत होतो. दोन्ही एकमेकींत बरोबर बसल्या तरच नऊ. नाही बसल्या की सात.

आणि चुकार? ते माझे बरोबर शॉट होते. तेवढेच.

जुनी कार्डं काढली. सगळी ठेवलेली आहेत, तारखा टाकून. पहिल्या वर्षी ऑफसेट दिल्यावर दर कार्डावर एक वाजता तीन, कधी चार. एकाला एक चिकटून. गेल्या वर्षी एखाद-दुसरा. या चौदा तारखेला एकही नाही.

हाताला जे आपसूक जमत होतं ते मी निवडून निवडून मारलं. मन लावून! सकाळी कामावर जायच्या आधी उठून!

सत्यशीलाला विचारलं, तोंड वाकडं होतं म्हणालीस, ते कधीपासून? "पहिल्या दिवसापासून. मला वाटलं, तसंच करायचं असतं."

२१ सप्टेंबर, रविवार

क्लबवर गेलो. विश्वजीतपुढं व्हाइसमधलं कार्ड ठेवलं. तो कार्डाकडं बघत राहिला.

"तुला माहीत होतं?"

"हो काका."

"मग दुसऱ्यांदा बोललास तेव्हा धरून का नाही सांगितलंस? माझा हात का नाही धरलास?"

"तुम्ही म्हणालात ना, शिकवायचं नाही."

विचारलं, किती दिवस लागतील. तो नखानं टेबल खरवडत होता. "शॉट येणार हे हाताला पाठ झालंय काका. आवाजाच्या आधीच तो दचकतो. ते विसरायला वर्ष लागतं. दीड. पोरांना तेवढं लागतं. तुमच्या…" पुढचं मी मनातच म्हटलं. वय. बावन्न.

साईट मूळ जागेवर आणली. त्यानंच फिरवली, मी नुसतं बघत होतो. क्लिक मोजायचे राहून गेले.

मग म्हणाला, घरी कोऱ्या कार्डावर मारा. काळा गोल नाही, रिंगणं नाहीत, गुण नाहीत. आणि मारून झालं की बघायला जायचं नाही.

"मग कळणार कसं?"

"नाही कळणार."

उभा जन्म मोजण्यात गेला माझा. आणि हा म्हणतो, बघू नका.

२२ सप्टेंबर, सोमवार

कोऱ्या कार्डावर चाळीस. चाळीसही झटक्याचे. आता प्रत्येक झटका कळतो. आधी कळत नव्हता तेच बरं होतं. मारून झाल्यावर जाऊन बघितलंच. सगळे डावीकडं खाली. तीन वर्षांपूर्वी होतो तिथंच.

२३ सप्टेंबर, मंगळवार

तेच. बघितलं. तेच.

क्लबमधल्या एकानं पिस्तुलाची किंमत विचारायला फोन केला. उद्या सांगतो म्हटलं.

२४ सप्टेंबर, बुधवार

एकामागून एक झटके. थांबणार होतो. मागं सत्यशीला दोरीवरचे कपडे काढत होती. काहीतरी विचारत होती, भाजी कोणती करू असलं काही. ऐकता ऐकता एक शॉट सुटला. कधी सुटला कळलं नाही.

ती म्हणाली, "आत्ता नाय झालं तोंड वाकडं."

कार्ड तिथंच आहे. बघायला गेलो नाही.