भुलीत सुमीचं नाव निघालं तर

सोमवार, १० नोव्हें.
पित्ताशयात खडे. गुरुवारी ऑपरेशन. पूर्ण भूल देणार. पोटाची भीती नाही, तोंडाची आहे.
सुमी कुठे आहे ते फक्त मला माहीत. आम्ही सख्ख्या बहिणी, सख्ख्या भावांना दिलेल्या. तिचा नवरा नामदेव, म्हणजे माझा धाकटा दीर, ती पळाल्यापासून आमच्याकडेच चिखलीत येऊन बसलाय. "वहिनी, नुसतं सांगा, समजावून आणतो." मागच्या वेळी समजावलं तेव्हा तिचा हात मोडला होता.

मंगळवार
महाळुंग्याला कंपनीत रजा टाकली. लाइनवर शेजारी काम करणारी फरजाना सांगत होती, तिच्या जावेनं भूल उतरताना सासूला शिव्या घातल्या, नंतर तिला काहीच आठवेना. सगळ्या हसल्या. मला डबा गेला नाही.
घरी हे म्हणाले, दवाखान्यात नामदेवही थांबेल. नको म्हटलं. "का गं?" उगाच गर्दी होते, म्हटलं.

बुधवार
भूल देणाऱ्या मॅडमना विचारलं, माणूस बडबडतं का? "झोपेत नाही. उतरताना एखादा बोलतो, पण बहुतेक असंबद्धच."
बहुतेक.
मी शुद्धीवर येईपर्यंत कुणाला आत सोडू नका म्हटलं. "मिस्टरांना पण नाही?" त्यांनाही नाही.
सुमीला फोन केला, जागा बदल. "ताई, इथं शिवणकाम मिळालंय. बायका चांगल्या आहेत. पुन्हा कुठं पळू?" रडली. मग मीही.

शुक्रवार
काल झालं. मास्क लावला तेव्हा मनात घोकत होते, सुमीचं नाव नको, सुमीचं नाव नको. तेच नाव घेत झोपले! मूर्ख बाई.
जाग आली तर ह्यांच्या हातात माझा हात. सिस्टर म्हणाली, "फार घाबरला होतात, हाका मारत होतात, म्हणून आत घेतलं." कुणाला हाका? "ते नाही कळलं."
ह्यांना विचारलं. "काही नाही, पाणी मागत होतीस."

शनिवार
घरी सोडलं. नामदेव सकाळपासून नाही. कुठे गेला? "येईल."
संध्याकाळी पेज भरवताना हे हळूच म्हणाले, "तिच्याकडे पांघरूण आहे का गं? थंडी पडलीय."
मी विचारलं, "आत तुम्ही एकटेच होतात ना?"
चमचा वाटीतच राहिला. "मी होतो," एवढंच म्हणाले.
सुमीला फोन लावलाय, नुसता वाजतोय. उचलत नाहीये.